टोचतंय म्हणजे टोचतंय

आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या पालकांना एक फॉर्म भरायला देतात. त्यात 'मुख्य तक्रार' असा रकाना आहे. मी लहान मुलांबरोबर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे कपडे, जेवण, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. बोलताना सगळे नुसतं 'ओटी' म्हणतात. त्या रकान्यात काय काय लिहिलेलं असतं! 'फार हट्टी आहे.' 'एका जागी बसत नाही.' 'हाताला भात लागलेला चालत नाही.' 'अंगात शर्ट ठेवत नाही.' एका आजोबांनी नातवाच्या फॉर्मवर ठसठशीत अक्षरात एवढंच लिहिलं होतं, 'नाटकी'. आणि त्याखाली, बहुधा त्यांची नजर चुकवून, सुनेनं बारीक अक्षरात भर घातली होती: 'मोज्यांवरून रोज रडारड.'

मी सुनेची ओळ आधी धरली. शाळेच्या मोज्याला बोटांच्या टोकाशी आडवी शिवण असते. आतल्या बाजूला दोऱ्याची जाडसर कड येते, आणि वरून बूट घातला की ती नेमकी करंगळीवर दाबते. तुम्ही-आम्ही मोजा चढवतो, एकदा ओढून सारखा करतो आणि जिना उतरेपर्यंत विसरून जातो. हा मुलगा विसरत नव्हता. पहिली घंटा होताना टोचणारी शिवण त्याला डबा खाताना टोचत होती आणि गणिताच्या तासालाही तेवढीच टोचत होती. त्यात बाई म्हणणार, 'लक्ष कुठे आहे तुझं?' लक्ष करंगळीवर होतं.

"मोजा उलटा घाला," मी म्हटलं.

"शाळेत काय म्हणतील?"

"बुटाच्या आत कोण बघतंय?"

आजोबा हसले नाहीत. पण मोजा उलटा घालून रडारड थांबली, तेव्हा 'नाटकी' हा शब्द त्यांनी मागे घेतला म्हणे. मला त्यांचा राग आला नव्हता. दुसऱ्याच्या अंगाला काय लागतंय हे बाहेरून दिसत नाही. ज्या गोष्टीनं आपल्याला काहीच होत नाही तिनं दुसऱ्याला काही होत असेल, हे पटायला वेळ लागतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर फारच.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. चित्रासकट. आमचं काम बरंचसं त्या चित्राबाहेरच्यांशी असतं. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या. डोकं वळलं की नळ्यांतला द्रव हलतो. पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे बारीक खडे असतात, त्यांच्या सरकण्यावरून खाली कुठे आणि वर कुठे ते कळतं. ही तोलाची जाणीव. दुसरी जाणीव स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत असतात ती. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावता येतं, अंधारात पाण्याचा पेला नीट ओठांशी येतो, ते तिच्यामुळे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ साली तिला 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं. आमच्या धंद्यात तेच चालतं. शिवाय भूक, तहान, लघवीची भावना, छातीतली धडधड अशी आतून येणारी जाणीव आहेच. जो मुलगा खेळता खेळता चड्डी ओली करतो त्याला शिस्त नाही असं आपण धरून चालतो. कधी कधी त्याला आतली खबर उशिरा मिळत असते, एवढंच.

हे सगळं एकाच वेळी चालू असतं. तुम्ही हे वाचताय तेव्हा पंखा फिरतोय, चष्मा नाकावर टेकलाय, कमरेला नाडी किंवा पट्टा आहे, शेजारच्या घरात मिक्सर लागलाय. यातलं बहुतेक तुम्हाला आत्ता सांगितल्यावर जाणवलं असेल. पाटाला पाणी सुटलं की पाटकरी जसा कुठलं दार उघडायचं, कुठलं दाबायचं ते ठरवत हिंडतो, तसं काहीतरी आपल्या डोक्यात अखंड चाललेलं असतं. काहींच्या डोक्यात एकदा उघडलेलं दार मिटतच नाही, काहींच्या शेतापर्यंत पाणी पोचायलाच उशीर होतो.

हा विचार पद्धतशीर मांडला जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी. जन्म १९२०, कॅलिफोर्नियातला. त्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. अभ्यासात अडखळणाऱ्या, वरकरणी काही न झालेल्या मुलांकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की अक्षर वळत नाही याची मुळं डोळ्यांपेक्षा तोलात, स्पर्शात, अंगाच्या जाणिवेत असू शकतात. १९७२ साली त्यांचं 'सेन्सरी इंटिग्रेशन', म्हणजे संवेदनांचा मेळ, मांडणारं पुस्तक आलं. आमच्या खोलीतले झोपाळे, रोल, उतरत्या फळ्या, चाकांच्या पाट्या हे सगळं त्यांच्यापासून आलेलं. पुढे विनी डन या अमेरिकन थेरपिस्टनी घरच्यांना विचारायच्या प्रश्नावल्या तयार केल्या. मुलाला आवाज चालतो का, गर्दीत तो काय करतो, कपड्यांबद्दल कुरकुर करतो का, असे त्यातले प्रश्न. उत्तरं देता देता आया थबकतात. "हे तर माझंही आहे, मॅडम," असं म्हणणाऱ्या आया दर आठवड्याला भेटतात. बाप हळूच म्हणतात.

पण आमच्याकडे कोण येतं? जो सोफ्यावरून उड्या मारतो, भिंतीवर आदळतो, वर्गात खुर्ची मागे रेलून दोन पायांवर तोलतो, तो येतो. जो कानावर हात ठेवून किंचाळतो तोही येतो. जी मुलगी चुपचाप बसते ती येत नाही. नावानं हाक मारली तर तिसऱ्यांदा वळून बघते, तोंडाला आमटी लागलेली तिला कळत नाही, गुडघा फुटलेला घरी आल्यावर आईला दिसतो. तिला सगळे 'शांत', 'गुणी', फार तर 'वेंधळी' म्हणतात. अशी एक मुलगी दुसऱ्याच कारणानं आली, पेन्सिलवर दाब येत नाही म्हणून. वहीत अक्षरं इतकी फिकट की वाचायला दिव्याखाली धरावी लागत. मी तिला डोळे मिटायला लावून तळहातावर बोटानं गोल काढला आणि 'काय काढलं?' विचारलं. तिनं बराच विचार करून सांगितलं, "तुम्ही काढलंत का?"

तिच्यासाठी आम्ही केलेलं ऐकून कुणालाही वाटेल यात काय उपचार. कणीक घट्ट मळायला दिली. धुतलेली चादर आईबरोबर पिळायची. बादलीत निम्मं पाणी घेऊन कुंड्यांना घालायचं. लिहायला बसण्याआधी टेबल दोन्ही हातांनी जोरात ढकलायचं. स्नायूंवर भार आला की अंगाची खबर ठळक मिळते, म्हणून ही जड कामं. अक्षर गडद झालं. पण मला त्यापेक्षा आनंद झाला तो एका तक्रारीचा. आई म्हणाली, "हल्ली उलट बोलायला लागलीय."

बाप लोकांचा आवडता प्रश्न वेगळा असतो. काचेतून बघत असतात आणि सेशन संपल्यावर, पैसे देताना, विचारतात, "मॅडम, हा नुसता झोपाळ्यावर खेळतच होता ना?" खेळतच होता, खरंय. फक्त तो पोटावर पालथा होता, त्यामुळे मान आणि पाठ पूर्ण वेळ वजनाविरुद्ध उचललेली होती. झोपाळा हलत असताना त्यानं जमिनीवरच्या रिंगा नजरेनं धरून उचलल्या, म्हणजे डोकं हलत असतानाही नजर ठरवायची सवय झाली. फळ्यावरून वहीत उतरवताना तीच लागते. अंगाच्या मधल्या रेषेच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूला हात नेला. आणि तिसऱ्या फेरीला मी झोपाळा जरा वाकडा ढकलला तेव्हा तो रडला नाही. हे सगळं मी दाराशी उभी राहून सांगू शकत नाही, मागे दुसरं मूल ताटकळत असतं. म्हणून म्हणते, "हो, खेळत होता. घरी पण खेळवा."

ही विद्या आपल्याकडे आली त्याची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना ठाऊक असतं, शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या कामामुळे. ज्यांचं नाव त्या शाळेला आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आल्या, इथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून परतल्या आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं. आशियातलं हे पहिलं विद्यालय मानतात. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. मी शिकत होते तेव्हा मात्र घरच्यांना 'फिजिओथेरपीसारखंच' एवढंच सांगायचे. त्यातच चहा व्हायचा.

मुलांपुरतं हे नाही, ते मला मामामुळे जवळून बघायला मिळालं. मामाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात तीन-चार महिन्यांत हलायला लागला, मूठ मिटायला लागली, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मग एक दिवस मामीनं फोनवर सांगितलं, "हे आळशीपणा करतात गं, हात चालतो तरी वापरत नाहीत." मी गेले. मामा चहाचा कप उजव्या हातात घेऊन बसला होता आणि बोटं कपाच्या अंगाला चिकटली होती. कप किती गरम होता ते मी उचलल्यावर मला कळलं. त्याला कळत नव्हतं. हात हलत होता, पण हातातून काही वर पोचत नव्हतं, आणि ज्या हाताची खबर येत नाही तो हात माणूस वापरत नाही, तो जवळपास विसरतोच.

मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक किल्ली, एक रुपया आणि एक शर्टाचं बटण टाकलं. "न बघता रुपया काढ." पहिल्यांदा किल्ली निघाली. मग बटण. मामा चिडला, "मी काय लहान पोर आहे का?" तरी दुपारी झोपायच्या ऐवजी तो खिसा चाचपत बसला. मग मामीनं तांदळात लिंबू लपवणं, डोळे मिटून खरखरीत पंचा आणि मऊ साडी ओळखायला लावणं असे प्रकार स्वतःच सुरू केले. संवेदना सगळी आली नाही. नाणं आणि बटण यांत तो अजून गोंधळतो. पण आता चहाचा कप आधी डाव्या हातानं चाचपून मग उजव्यात घेतो. 'आळशी' हा शब्द त्या घरातून गेला आणि मामीला दुपारी थोडी झोप मिळायला लागली.

आता थोडं आमच्याच धंद्याबद्दल, कारण बाजार फार फोफावलाय. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये 'सेन्सरी रूम' थाटून देणारे आहेत. वजनदार पांघरुणं, ब्रश, चघळायच्या माळा, दिव्यांचे बुडबुडे मिळतात, आणि आईवडील हप्त्यानं घेतात. मी त्यांना शांतपणे सांगते ते इथेही सांगते. आवाज-स्पर्शाला फार किंवा फार कमी प्रतिसाद हे 'डीएसएम' या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथात स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत २०१३ पासून आहे. पण 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर', म्हणजे संवेदना हाताळण्यातला बिघाड, हा स्वतंत्र आजार म्हणून त्या ग्रंथात नाही. २०१२ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं तर असं स्वतंत्र निदान करू नका असाच सल्ला दिला. वेल्स आणि इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांवर एक चाचणी झाली, १३८ मुलं, निष्कर्ष २०२२ ला आले: सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीनं वर्तनाच्या अडचणींत नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा असा फायदा दिसला नाही. दुसरीकडे, पालकांनी स्वतः ठरवलेली छोटी उद्दिष्टं, म्हणजे केस कापून घेणं, शर्ट घालणं, ती साधली जातात असं सांगणारे अभ्यासही आहेत. माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा. पण अनुभव हा पुरावा नव्हे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात आणि दुकान उघडल्यावर विसरायला होतं. म्हणून 'मूल बरं होईल का' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. 'न्हाव्याच्या खुर्चीत बसेल का' असं विचारा, मग बोलू.

दुसरी कटकट व्हॉट्सॅपची. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा मजकूर सहा महिन्यांनी फिरून येतोच. तेलाची मालीश, उटणं, पाळणा, झोपाळा, हातानं जेवणं, जातं. बघा, सगळी सेन्सरी थेरपीच. चांगल्या गोष्टी आहेत, मी स्वतः सांगते. पण ज्या आजीच्या दणकट हाताखाली एक नातू डोळे मिटून सुखावतो, त्याच हाताखाली दुसरा धनुष्यासारखा ताणून ओरडतो. आणि त्या दुसऱ्याला पूर्वी काय मिळायचं, तेही पूर्वजांच्या खात्यावर लिहायला हवं. दिवाळीच्या पहाटे उटण्याखाली हुंदके देणारी मुलं मी माझ्याच वाड्यात पाहिली आहेत, त्यांना दोन धपाटे घालून पाटावर बसवत. माझी एक मैत्रीण लग्नात हळदीच्या ओल्या स्पर्शानं ओकली. अजून सासरी 'नाजूक सून' म्हणून तिचा उद्धार होतो. त्यात हिरवा चुडा, नाकात टोचणारी नथ, मानेला खरखरणारी जर आणि ब्लाउजच्या काखेतली शिवण. ती मला म्हणाली, "लग्नाचं मला काही आठवत नाही, फक्त टोचलेलं आठवतं."

आवाजाचं तर बोलायलाच नको, पण बोलते. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्यानं घातलेली मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत. मिरवणुकीच्या दिवशी कुणाला आठवते? मला ढोल आवडतो, छातीत घुमतो तो. पण माझ्याकडे येणाऱ्या काही घरांनी गणपतीचे दहा दिवस पुणं सोडून गावी जायचं ठरवून टाकलंय. सुट्टी काढून, शाळा बुडवून. नातेवाईक म्हणतात, 'पोराला असं भित्रं का करता, सवय लावा.' कुणाला सवय लागते, पण जो मुलगा कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला टेबलाखाली जातो त्याला डीजेच्या भिंतीसमोर उभं करून काय लागेल ते मला माहीत आहे, आणि ती सवय नसते.

खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या अडचणी मुलाला न बदलता सुटतात. कॉलरच्या मागचं लेबल उसवायचं. स्नानाला डोक्यावर अचानक तांब्या ओतायच्या ऐवजी 'आता ओततेय' म्हणून ओतायचा, मान खाली घालायला न लावता वर करून. मिक्सर लावायच्या आधी हाक द्यायची. पाहुण्यांनी गालगुच्चा घेऊ नये. घ्यायचंच असेल तर जवळ घेऊन घट्ट धरावं, हलक्या स्पर्शापेक्षा दाब बऱ्याच मुलांना बरा वाटतो. बिनपैशाच्या गोष्टी. पण त्यासाठी मोठ्यांना हलावं लागतं, आणि मूल आठवड्यातून दोनदा माझ्याकडे आणून सोडणं त्यापेक्षा सोपं असतं.

शाळेत हे मागायला गेले की गंमत येते. खुर्चीवर झुलणाऱ्या एका मुलासाठी मी त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटले. दोन गोष्टी मागितल्या. त्याची जागा दाराच्या आणि करकरणाऱ्या पंख्याच्या लांब, आणि वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत न्यायचं काम त्याला. गठ्ठा जड असतो, जिना चढावा लागतो. परत आला की वीस-पंचवीस मिनिटं बसतो, हे आम्ही बघून ठेवलं होतं.

बाई म्हणाल्या, "जागेचं बघते. पण वह्यांचं एकाला दिलं की बाकीचे पण मागतील."

"मागू देत की."

"चाळीस आहेत, मॅडम."

बाईंचंही चुकत नव्हतं. चाळीस पोरं, एक पंखा, वर पत्रा. पावसाळ्यात त्या स्वतः घसा फुटेस्तोवर ओरडून शिकवतात आणि मधल्या सुट्टीत कपाळ धरून बसतात. त्यांच्या कानांचा फॉर्म कुणी भरून घेतला नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. वह्या न्यायला आता पाळी लागते, हजेरीच्या क्रमानं, आणि सगळ्या वर्गाला ते काम हवं असतं. आमच्या पठ्ठ्याची पाळी त्यामुळे फारच क्वचित येते. म्हणून त्याला फळा पुसायचं कायमचं काम मिळालंय. वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचत नाही, तिथे तो उड्या मारून पुसतो, आणि बाई अजून तरी काही म्हणालेल्या नाहीत.